भरतीची वाट

इंदूरच्या सराफ्यात रात्री खाण्यासाठी गर्दी उसळते. दिवसाचा सराफा मात्र शांत असतो. गाद्या टाकलेल्या दुकानांत तराजू, चिमटे, लाल पाकिटं आणि हलक्या आवाजातला भावतोल. मावसबहिणीच्या मुलाला मंगळाचं पोवळं हवं होतं, म्हणून तिच्याबरोबर गेले होते. दुकानदारांनी पांढऱ्या कागदावर पाच-सहा पोवळी ओतली, त्यातलं एक चिमट्यानं बाजूला केलं आणि म्हणाले, "ताई, घ्यायचं तर हे घ्या. इटालियन आहे."

हे वाक्य आमच्या सराफ्यात रोज शंभर वेळा उच्चारलं जात असेल. दागिन्यात बसतं ते लाल पोवळं भूमध्य समुद्राच्या तळाशी वाढतं. तो एका सूक्ष्म जिवाच्या वसाहतीचा सांगाडा. नेपल्सच्या आखातावरच्या तोर्रे देल ग्रेको या गावात पिढ्यान्‌पिढ्या पोवळी घासून, कापून जगाला विकली जातात. तिथून निघालेला एक लाल मणी समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या माळव्याच्या पठारावर येतो आणि कुणाच्या तरी अनामिकेत बसतो.

त्याच आठवड्यात संपादकांचं पत्र आलं. यंदाच्या अंकात 'बंदरगावं' असा विभाग आहे, कुणी शिडाच्या नौकेतून भूमध्य समुद्रातल्या जुन्या बंदरात शिरण्याचा अनुभव लिहितंय, तुम्ही इंदूरहून काय लिहाल, असं त्यांनी विचारलं होतं. मला ते पोवळं आठवलं. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठची माणसं आपल्या बंदरात येत होती, येताना पोवळी आणत होती, आणि त्या बंदराचं आतलं टोक आमच्या उज्जैनला होतं. नौकेनं त्या बंदरात शिरायचं तर आजही एक वाट आहे. ती नर्मदेच्या मुखातून जाते.

पाठीमागचं शहर

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ते पुस्तक 'पेरिप्लस' म्हणून ओळखलं जातं. लेखकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा हात ओळीओळीत दिसतो. कुठे काय खपतं, कुठून काय उचलावं, कुठे खडक आहेत. नर्मदेवरच्या भरुचला तो 'बारिगाझा' म्हणतो. भृगुकच्छ, भरुकच्छ या नावाचं ते त्याच्या कानावर पडलेलं रूप. आणि बारिगाझाच्या पूर्वेला, आत, एक शहर आहे असं तो सांगतो. पूर्वी तिथे राजधानी होती आणि बंदराला लागणारा सगळा माल तिथून खाली उतरतो. त्या शहराचं नाव त्यानं लिहिलंय 'ओझेने'. म्हणजे उज्जयिनी.

इंदूरहून उज्जैन पंचावन्न किलोमीटर. क्षिप्रेच्या काठी गढकालिकेकडे गेलं की जुन्या नगराच्या तटाचे मातीचे उंचवटे अजून दिसतात. वरून शेतं गेलीत, पायाखाली खापरं लागतात. त्या उंचवट्यावर उभं राहून बंदराची कल्पना करणं अवघड जातं, कारण बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येतं. पण भरुचच्या धक्क्यावर चढणारं तलम कापड, रंगीत खडे, जाडंभरडं सुती कापड हे सगळं या मातीतून जात होतं. पोवळ्याचा प्रवास उलट दिशेचा. इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, काच, सोन्याचांदीची नाणी आणि पोवळी भरुचला उतरत होती. समुद्रातून आलेली वस्तू विकत घेणारं आणि समुद्रात जाणारी वस्तू घडवणारं गाव पाठीशी नसेल, तर बंदर उभंच राहत नाही. आमच्या पठारानं हे काम केलं.

हा माल नर्मदेतूनच होड्यांनी जात असेल असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटायचं. पण ही नदी तशी नाही. महेश्वरच्या जरा खाली सहस्रधारेला ती काळ्या खडकांत फुटून शेकडो धारांनी पडते. पुढे हिरणफाळला खडक इतके जवळ येतात की हरिण उडी मारून पलीकडे जाईल, अशी नावातच कथा आहे. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत तेराशे बारा किलोमीटर वाहणाऱ्या या नदीत मालाची होडी चालते ती शेवटच्या टप्प्यातच. वरच्या अंगाला माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून गेला. नदी फक्त ओलांडायची होती. आणि ओलांडायची जागा होती महेश्वर.

नावाड्यांची टोळी

महूहून जामघाटानं उतरलं की हवा बदलते. माळव्याचा गारवा वर राहतो आणि निमाडचा उबारा अंगाला लागतो. घाटाच्या तोंडाशी अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा उभा आहे. त्याच्या कमानीतून खाली पाहिलं की सगळं निमाड पसरलेलं दिसतं आणि क्षितिजाशी नर्मदेची रेघ असल्याचा भास होतो.

महेश्वरच्या अहिल्या घाटावर सकाळी दोन आवाज असतात. वाड्यांतून येणारी हातमागाची खटखट आणि डिझेलच्या होड्यांची फटफट. अहिल्याबाईंनी इथे राजधानी आणली, विणकर वसवले, आणि १७९५ मध्ये इथेच देह ठेवला. होळकरांच्या छत्रीवरची नक्षी आणि नदीच्या लाटा महेश्वरी लुगड्याच्या काठात उतरल्यात. आम्ही इंदूरची मराठी माणसं इथे येतो ती बहुतेक त्यांच्या छत्रीला नमस्कार करायला आणि लुगडं घ्यायला. या वेळी मी नावाड्याला म्हटलं, "भैया, बाणेश्वर नको. पलीकडे नावडाटोलीला जायचंय."

बाणेश्वराचं देऊळ नदीच्या मधोमध खडकावर उभं आहे. सगळ्या होड्या त्याला वळसा घालून परत येतात. पलीकडच्या काठाला फारसं कुणी जात नाही. केवट साठीकडे झुकलेले. त्यांनी इंजिन चालू केलं, थोडं पुढे जाऊन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं. "इथे खाली दगड आहे," म्हणाले. पाणी शांत दिसत होतं, दगडाचा मागमूस नव्हता.

नावडाटोली म्हणजे नावाड्यांची वस्ती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया पन्नासच्या दशकात इथे आले आणि त्यांनी महेश्वर आणि नावडाटोली दोन्ही काठांवर उत्खनन केलं. नावडाटोलीच्या टेकाडाखाली साडेतीन हजार वर्षांपेक्षा जुनी वस्ती निघाली. कुडाच्या गोल आणि चौकोनी झोपड्या, काळ्या रंगात चित्रं काढलेली तांबूस भांडी, गहू, मसूर. नदी उतरायची सोय जिथे आहे तिथे माणूस तेव्हापासून घर बांधून राहतोय. पुढे प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण, सोडून श्रावस्तीकडे निघालेल्या बावरी नावाच्या ब्राह्मणाच्या शिष्यांची वाट 'सुत्तनिपात' या पाली ग्रंथात दिली आहे, तीही माहिस्सती आणि उज्जेनी अशीच जाते. माहिस्सती म्हणजे माहिष्मती. महेश्वर हीच ती, असं अनेक अभ्यासक मानतात.

परत येताना मी केवटांना विचारलं, पाणी कधी वाढतं, कधी उतरतं, ते कसं कळतं?

"पूर्वी कळायचं," ते म्हणाले. "पावसाचं पाणी गढूळ यायचं, त्याचा वास यायचा. माघात नदी कुठल्या पायरीवर असेल ते माझे वडील आधीच सांगायचे. आता वरून सोडतात तेव्हा येतं. वीज लागली की पाणी येतं, वीज नको असली की नदी खाली जाते. सकाळी बांधलेली नाव दुपारी दगडावर बसलेली असते."

वर ओंकारेश्वर आणि इंदिरासागर ही दोन धरणं आहेत. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडलं जातं आणि नदीची पातळी दिवसातून वर-खाली होते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला यात्रेच्या वेळी असंच अचानक पाणी आलं आणि अनेक भाविक वाहून गेले. केवटांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पिढ्यांचं एक ज्ञान त्यांच्या हातात आहे, आणि ते ज्या नदीविषयी आहे ती नदी आता तशी वागत नाही. मी ज्या शहरातून आले तिथल्या नळाला याच नदीचं पाणी येतं. १९७८ पासून जवळच्याच जलूदहून ते विंध्याच्या वर चढवून इंदूरला आणलं जातं. केवटांची नदी आणि माझा नळ एकाच पाण्यावर आहेत, हे त्या होडीत बसून मला पहिल्यांदा नीट कळलं.

होडीचं पुण्य

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात यानं केलेली दानं त्यात नोंदली आहेत. गाई दिल्या, गावं दिली, सोनं दिलं. पण मला त्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे त्यानं चौसोपी धर्मशाळा बांधल्या. दशपुर म्हणजे आमच्या माळव्यातलं मंदसौर, गोवर्धन नाशिकजवळचं, शूर्पारक म्हणजे सोपारा. भरुचचं बंदर, माळवा, नाशिक आणि कोकण अशी व्यापाराची सगळी चौकट एका ओळीत आली. दुसरी गोष्ट अशी की इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर त्यानं फुकट होड्या ठेवल्या आणि दोन्ही काठांवर थांबायला मंडप आणि पाणपोया बांधल्या.

उतारू होडीची वाट पाहत काठावर बसतो, त्याला सावली लागते, तहान लागते, हे राजाच्या जावयाला ठाऊक होतं आणि त्यानं ते पुण्याच्या यादीत लिहिलं. पेरिप्लसच्या लेखकानं बारिगाझाच्या राजाचं जे नाव दिलंय, ते नहपानाचंच असं बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे सासऱ्याच्या बंदरात परदेशी गलबतं येत होती आणि जावई आतल्या नद्यांवर होड्या चालवत होता.

त्या होड्यांतून आणि गाड्यांतून मराठी मुलखातलं काय काय समुद्राकडे गेलं! पेरिप्लस सांगतो की भरुचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून खडे आणि तगरहून कापड, बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भरुचला जायचं. तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला हस्तिदंताच्या सुबक स्त्रीमूर्ती सापडल्या. त्यांचीच बहीण म्हणावी अशी एक हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या एका घरात निघाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेली, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. उलट बाजूनं, कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर भूमध्य समुद्राच्या देवाची, पोसायडनची, छोटी काशाची मूर्ती सापडली. पंचगंगेच्या काठी समुद्रदेव उभा राहिला, कारण कुणीतरी त्याला गाडीत घालून घाट चढवला.

पाँपेईच्या आखातातच पोत्सुओली आहे, रोमन काळातलं पुतेओली. पूर्वेकडचा माल तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिकेला उतरायचा, उंटांवर बारा दिवस वाळवंट ओलांडून नाईलवर यायचा, नदीनं अलेक्झांड्रियाला आणि तिथून समुद्रानं पुतेओलीला. आज तिथे नौकेतून जाणाऱ्याला जुन्या बाजारपेठेचे संगमरवरी खांब दाखवतात. त्यांच्या मधल्या भागाला समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. ज्वालामुखीच्या उदरातली जमीन शतकानुशतकं खाली बसते आणि वर येते. खांब समुद्रात बुडाले आणि पुन्हा बाहेर आले, त्याची ती खूण. तिथे जमीन खालीवर होते, आपल्याकडे पाणी. दोन्ही बंदरांतल्या माणसांना पातळीचा हिशेब ठेवावाच लागला.

खारी शेंग आणि गोडं पाणी

भरुचला मी रेल्वेनं उतरले. नदीवरून जाताना १८८१ चा लोखंडी गोल्डन ब्रिज बाजूनं दिसत राहतो. शेजारी आता नवे पूल आहेत. जुनं भरुच नदीकाठच्या उंच टेकाडावर आहे, आणि ते टेकाड म्हणजे मुख्यतः गावच गावावर साचलेलं आहे. लाकडी कोरीव घरं, अरुंद उतरते बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी एकदम पसरलेलं नदीचं पात्र. कोपऱ्यावर खारी शेंग भाजणाऱ्याच्या कढईतून वाळूचा खरपूस वास येत होता.

या गावावर मराठ्यांचीही सत्ता होती. इंग्रजांनी १७७२ मध्ये घेतलेलं भरुच पुढे महादजी शिंद्यांना मिळालं आणि वीस वर्षं शिंद्यांकडे राहिलं. १८०३ च्या युद्धात ते पुन्हा इंग्रजांकडे गेलं. तोवर बंदराचा मोठा व्यापार सुरतेनं नेला होता आणि पुढे मुंबईनं. जहाजं मोठी झाली, नदीच्या मुखाशी गाळ साचला, आणि भरुच नावापुरती पेठ उरली.

धक्क्याच्या पायऱ्यांवर जाळी दुरुस्त करणारे काही मच्छीमार बसले होते. त्यांच्याशी बोलणं पाल्यापासून सुरू झालं. पाला, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात, तो समुद्रातला मासा. पण अंडी घालायला पावसाळ्यात नदीत चढतो. त्याला गोडं पाणी लागतं. भरुचच्या खाली भाडभूतला पाल्याची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

"पाण्याला ओढ पाहिजे," एक म्हातारे म्हणाले. "वरून गोडं पाणी जोरात आलं की माशाला कळतं, इकडे नदी आहे. आता वरून पाणी नाही. समुद्रच वर येतो."

सरदार सरोवराचं पाणी कालव्यांनी कच्छ-सौराष्ट्रापर्यंत पोचलं. लाखो घरांना त्याचा आधार झाला. पण मुखाशी नदीचा जोर ओसरला आणि भरतीचं खारं पाणी भरुचपर्यंत चढू लागलं. विहिरी खाऱ्या झाल्या. त्याला अडवायला भाडभूतला नदीच्या पात्रात आडवा बंधारा उभा राहतोय. खारं पाणी खाली थांबेल, गोडं पाणी वर साठेल, ही त्यामागची योजना. मच्छीमारांचा प्रश्न एवढाच की समुद्रातून येणारा पाला दारं बंद असलेल्या नदीत शिरणार कसा. शेतकऱ्याला खारं पाणी नको आणि माशाला भिंत नको. दोघांचंही खरं आहे. मला खटकलं ते वेगळंच. ज्यांना पाण्याचा रोजचा हिशेब तोंडपाठ आहे, ती माणसं पायऱ्यांवर बसून होती आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

राजाच्या पगारातले कोळी

दोन हजार वर्षांपूर्वी त्यांना विचारल्याशिवाय या बंदरात पाऊल टाकता येत नव्हतं. पेरिप्लसच्या लेखकाला खंबातच्या आखाताची धास्ती वाटते आणि ती तो लपवत नाही. उजव्या हाताला खडकांची लांब रांग आहे, डाव्या हाताला भूशिर. तळाचे खडक नांगराचे दोर कापतात. किनारा इतका सखल की मुख जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि दिसलं तरी वाळूच्या उथळ पट्ट्यांमुळे आत शिरणं कठीण. अमावास्येच्या सुमारास भरती आली की लांबून सैन्याच्या आरोळीसारखा आवाज येतो आणि पाणी भिंतीसारखं धावून येतं. नांगरलेली गलबतं उलटतात.

त्यानं हे वाढवून लिहिलेलं नाही. खंबातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंडाशी रुंद, आत चिंचोळं आणि उथळ. अरबी समुद्राची भरती त्यात कोंडली जाते आणि उंच होते. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो, म्हणजे तीन मजल्यांइतका. मुंबईच्या किनाऱ्यावर तो याच्या निम्मा. नदीच्या मुखात ते पाणी शिरतं तेव्हा पुढची लाट उथळ तळाला अडखळते, मागची तिच्यावर चढते आणि भिंत तयार होते.

अशा पाण्यात परका खलाशी काय करणार? म्हणून राजाच्या सेवेतले स्थानिक कोळी मोठ्या, भरपूर वल्हेकरी असलेल्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. ते पाहुण्या गलबताला दोर बांधत, भरती सुरू झाली की ओढायला लागत, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगरून थांबत, आणि पुढच्या भरतीला पुन्हा निघत. असं टप्प्याटप्प्यानं तीनशे स्टेडिया, म्हणजे पन्नासेक किलोमीटर, आत भरुचला पोचवत. त्या होड्यांची नावं लेखकानं दिलीत 'त्राप्पगा' आणि 'कोतुंबा'. ती परकी वाटतात. पण 'अंगविज्जा' या जुन्या प्राकृत जैन ग्रंथात होड्यांच्या यादीत 'तप्पक' आणि 'कोट्टिंब' ही नावं आहेत, हे अभ्यासक मोतीचंद्रांनी दाखवून दिलं. ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या कोळ्यांचा शब्द जसा ऐकला तसा टिपला.

बंदर म्हणजे धक्का, वखार, जकातनाका असं आपण समजतो. बारिगाझाचा धक्का कुठे होता हे आज बोट ठेवून दाखवता येत नाही. पण ज्यावर ते बंदर चाललं ती गोष्ट स्वच्छ लिहून ठेवली आहे. कुठल्या वेळी, कुठल्या डोहात, किती वेळ थांबायचं हे जाणणारी माणसं.

कठपोर, रात्री एक

माझी आत्या त्या दिवसांत गाडीनं नर्मदा परिक्रमा करणाऱ्या इंदूरच्या जथ्यात होती. परिक्रमेत नदी कुठेही ओलांडायची नाही, फक्त मुखाशी, जिथे ती समुद्राला मिळते तिथे, होडीनं दक्षिण काठावरून उत्तर काठावर जायचं. दक्षिणेला विमलेश्वर किंवा कठपोर, उत्तरेला मिठी तलाई. पेरिप्लसमधली गलबतं शिरत होती ते हेच पाणी. माझा संकल्प नव्हता, पण आत्या म्हणाली, "अगं, ये. होडीत बसायला पुण्य लागतं, जागा लागत नाही." माघी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी कठपोरला पोचले.

धर्मशाळेत सोलापूरच्या, नगरच्या, खरगोनच्या माणसांनी पथाऱ्या पसरल्या होत्या. खिचडी झाली, आरती झाली, आणि मग नुसतं थांबणं. किती वाजता निघायचं, असं प्रत्येकजण विचारत होता. तांडेल, होडीचा मुख्य, पन्नाशीचा गुजराती माणूस, सगळ्यांना एकच उत्तर देत होता. "पाणी येऊ द्या."

कोकणातले कोळी तिथीचा पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्दशी म्हणजे चौदा, त्याचा पाऊणपट साडेदहा. रात्री साडेदहाला मुंबईकडे पूर्ण भरती. पण पाण्याला आखातात वर यायला वेळ लागतो. तांडेलांना मी हा हिशेब सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "बरोबर आहे, बेन. तुमच्याकडून आमच्याकडे यायला त्याला अडीच-तीन तास लागतात."

होड्या खाडीत चिखलावर कलंडून पडल्या होत्या. खाडी कोरडी, चांदण्यात चकाकणारी. बाराच्या सुमारास आधी आवाज आला, कुणीतरी लांबवर धान्य पाखडत असल्यासारखा. मग चिखलातल्या चरांतून पाण्याच्या जिभा आल्या. अर्ध्या तासात खाडी भरली. आमची होडी एकदा थरथरली, सरळ झाली आणि तरंगू लागली. ते थरथरणं मी विसरणार नाही. पन्नासेक माणसं एकदम "नर्मदे हर" म्हणाली.

एकच्या सुमाराला निघालो. सगळ्यांच्या अंगावर केशरी जाकिटं, डोक्यावरून शाली. खाडीतून बाहेर पडल्यावर काठ नाहीसे झाले. तांडेलांसमोर एक साधा मोबाईल होता, पण ते त्याच्याकडे क्वचितच पाहत होते. मधूनच इंजिन हळू करत आणि एक मुलगा लांब बांबू पाण्यात सोडे. बांबू तळाला लागला की काही न बोलता तो टोकावरचा ओला भाग त्यांना दाखवे आणि होडीचं तोंड जरा वळे. खाली वाळूचे पट्टे आहेत, ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. गेल्या वर्षीची वाट या वर्षी चालत नाही.

तासाभरानं उत्तरेला दिवे दिसू लागले. दहेजचं बंदर. द्रवरूप वायूच्या टाक्या, जेट्ट्या, धुराडी, आणि दूर नांगरून थांबलेलं एक प्रचंड जहाज. सातासमुद्रांचा अनुभव असलेल्या कप्तानालाही बंदरात शिरताना स्थानिक पायलट जहाजावर घ्यावाच लागतो. तो छोट्या बोटीनं येतो, दोरीच्या शिडीवरून चढतो आणि जहाज आत नेतो. उपग्रह आले, खोली मोजणारी यंत्रं आली, तरी या पाण्याच्या ओळखीचा माणूस लागतो. राजाच्या पगारातला तो कोळी अजून नोकरीवर आहे.

संगमाची जागा आली तेव्हा तांडेलांनी इंजिन बंद केलं. परिक्रमावासी तिला रत्नासागर म्हणतात. सगळ्यांनी आपापल्या कुप्या काढल्या. अमरकंटकापासून, ओंकारेश्वरापासून जपून आणलेलं पाणी. अर्धं समुद्रात ओतायचं आणि तितकंच समुद्राचं कुपीत भरून घ्यायचं. आत्यानं हात पाण्याशी नेला, ओतलं, भरलं, बूच लावलं आणि कुपी कपाळाला टेकवली. शेजारच्या सोलापूरच्या आजींना हात पोचत नव्हता, तेव्हा बांबूवाल्या मुलानं त्यांची कुपी घेऊन भरून दिली. त्याच्या मनगटात लाल दोरा होता आणि त्यात ओवलेला एक लाल मणी. काचेचा की पोवळ्याचा, अंधारात कळलं नाही.

ओहोटी

मिठी तलाईच्या अलीकडेच होडीचा तळ चिखलाला लागला. पहाटेचे पाच वाजून गेले होते. ओहोटी सुरू होऊन बराच वेळ झाला होता. माणसं एकमेकांचे हात धरून गुडघाभर गाळात उतरली आणि उजेडाच्या दिशेनं चालू लागली. मी मागे राहिले.

तांडेलांनी बिडी पेटवली. मुलगा त्यांचा पुतण्या. स्वतःचा मुलगा दहेजच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. "बारा तासांची पाळी," ते म्हणाले. "त्याला घड्याळ येतं, पाणी येत नाही. ह्याला येतं." त्यांनी पुतण्याकडे मान वळवली. "दोन वर्षं झाली. अजून दोन लागतील."

"काय शिकवता त्याला?" मी विचारलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. "थांबायला," म्हणाले. "जाणं सोपं आहे. कुठे थांबायचं ते शिकायला वेळ लागतो."

होडी आता दुपारशिवाय तरंगणार नव्हती. मुलगा खाली उतरला. पाण्याची कड जिथे होती तिथे त्यानं चिखलात एक काठी रोवली आणि परत येऊन फळीवर आडवा झाला. पूर्वेकडे तांबडं फुटत होतं. काठावरून आत्यानं हाक मारली, तेव्हा मी काठीकडे पाहिलं. पाणी तिच्यापासून वीतभर मागे सरकलं होतं.